विजेवर चालणारा स्वस्त सुपरचार्जर इंजिनाची ताकद खरोखर वाढवतो का: स्वतः तपासून पाहण्याची पद्धत

एक छोटी मोटर, तिच्यावर प्लास्टिकच्या पात्यांचा पंखा, बाहेरून गोल आवरण आणि बॅटरीला जोडायच्या दोन तारा, एवढ्या सामग्रीला ‘इलेक्ट्रिक सुपरचार्जर’ असे नाव देऊन ती विकली जाते. एअर फिल्टर आणि थ्रॉटल (ॲक्सिलरेटर दाबल्यावर उघडणारी, इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) यांच्यामधल्या नळीत हा पंखा बसवला की इंजिनाची ताकद वाढेल, पिकअप सुधारेल आणि गाडीचे ॲव्हरेजही वाढेल, असे आश्वासन त्यासोबत मिळते. उत्तर आधीच सांगतो: अशा पंख्याने इंजिनाच्या ताकदीत जाणवण्याइतकी वाढ होत नाही, आणि अनेकदा नळीत मधेच उभ्या असलेल्या पात्यांमुळे ती किंचित कमीच होते. मात्र हे कोणी सांगितले म्हणून मान्य करण्याची गरज नाही. थोडेसे गणित, एक पारदर्शक नळी आणि थोडे पाणी यांच्या साहाय्याने कोणालाही घरच्या टेबलावर याची खात्री करून घेता येते, आणि ती कशी करायची हेच पुढे सविस्तर लिहिले आहे.

इंजिनाला किती हवा लागते

सुपरचार्जर या कल्पनेत मुळात काहीच खोटे नाही, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. इंजिनाची ताकद ते दर सेकंदाला किती इंधन जाळू शकते यावर ठरते, आणि १ किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. इंधन जास्त ओतणे सोपे आहे; अडचण असते ती तेवढी हवा सिलिंडरमध्ये पोहोचवण्याची. म्हणून वातावरणाच्या दाबापेक्षा जास्त दाबाने हवा आत लोटली, तर त्याच आकाराच्या इंजिनातून जास्त काम करून घेता येते. प्रश्न एवढाच की, ही लोटण्याची क्रिया करायला किती ऊर्जा लागते.

उदाहरणासाठी १.२ लिटरचे साधे, टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारा कॉम्प्रेसर) नसलेले पेट्रोल इंजिन घेऊ. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढतो, त्यामुळे मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या वेगाने हे इंजिन ३,००० वेळा आपली पूर्ण क्षमता भरण्याचा प्रयत्न करते. सिलिंडर प्रत्यक्षात ८५ टक्के भरतात असे धरले, तर मिनिटाला सुमारे ३,०६० लिटर, म्हणजे सेकंदाला ५१ लिटर हवा आत जाते. तिचे वजन सेकंदाला साधारण ६० ग्रॅम भरते.

आता या हवेचा दाब वातावरणापेक्षा ०.३ बारने (१ बार म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाएवढा दाब) वाढवायचा आहे असे समजू. टर्बोच्या जगात हा आकडा अगदी माफक आहे. हवा दाबली की ती तापते, आणि ६५ टक्के कार्यक्षमतेचा चांगला कॉम्प्रेसर वापरला तरी या दाबाला तिचे तापमान ३५ अंशांच्या आसपास वाढते. तापलेली हवा विरळ होत असल्यामुळे दाब ३० टक्के वाढूनही हवेचे वजन सुमारे १६ टक्केच वाढते. एवढे काम करायला कॉम्प्रेसरच्या दांड्यावर जवळपास २.५ किलोवॅट शक्ती लागते, आणि मोटर व तिचा नियंत्रक यांच्यातली गळती धरली तर बॅटरीतून ३ किलोवॅट खेचावे लागतात. १२ व्होल्टवर याचा अर्थ २५० अँपिअर असा होतो. छोट्या गाड्यांचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणारे यंत्र, साधारण ७० ते १२० अँपिअर देतो, आणि त्यातले बरेचसे तर दिवे, इंधनाचा पंप, इग्निशन आणि रेडिएटरचा पंखा यांनाच लागतात.

एका छोट्या इंजिनात सोळा टक्क्यांची भर घालण्यासाठी हा खर्च आहे. स्वस्त पंख्याच्या तारा हातात घेऊन पाहिल्या तरी पुष्कळ काही कळते: २५० अँपिअर वाहून नेणारी तार स्टार्टरच्या केबलसारखी बोटाएवढी जाड असावी लागते, आणि या पंख्यांना सहसा दिव्याला जोडतात तशा बारीक तारा असतात.

पंख्याजवळ देण्यासारखे किती आहे

यातले अनेक पंखे बोटीच्या तळातली कोंदट हवा बाहेर काढणाऱ्या ब्लोअरच्या जातीचे असतात आणि ४-५ अँपिअर प्रवाह घेतात. १२ व्होल्ट गुणिले ४ अँपिअर म्हणजे जेमतेम ५० वॅट. मोटर आणि पाती यांत एक कणही ऊर्जा वाया जात नाही असे अशक्य गृहीतक धरू, आणि हे सगळे ५० वॅट सेकंदाला ५१ लिटर हवेवर खर्च होतात असे मानू. शक्तीला प्रवाहाने भागले की दाब मिळतो: ५० वॅट भागिले ०.०५१ घनमीटर म्हणजे ९८० पास्कल. वातावरणाचा दाब सुमारे १,००,००० पास्कल असतो, म्हणजे ही वाढ एक टक्क्यालाही पोहोचत नाही. प्रत्यक्षात असा पंखा ३०-४० टक्के कार्यक्षमतेने चालला तरी पुष्कळ झाले, म्हणून खरा आकडा ३०० ते ४०० पास्कल, अर्थात तीन ते चार हजारांश एवढाच उरतो.

या आकड्याचे मोल लक्षात यावे म्हणून तीन तुलना देतो. बाहेरची हवा ३ अंशांनी थंड झाली की तिची घनता सुमारे एक टक्क्याने वाढते, म्हणजे आदर्श पंख्याचा संपूर्ण लाभ सकाळच्या गारव्यात फुकट मिळतो. समुद्रसपाटीजवळ दर मीटर उंचीला हवेचा दाब सुमारे १२ पास्कलने बदलतो, त्यामुळे ४०० पास्कलचा लाभ म्हणजे एखादा ३३ मीटरचा उतार उतरून खाली येणे. आणि ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीच्या समोरच्या हवेचा नुसता मारा ४६० पास्कलच्या आसपास असतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण येथे शब्दशः लागू पडते. पात्यांचा आकार, आवरणावरची नक्षी किंवा ‘टर्बाइन’सारखे नाव यांपैकी कशानेही ५० वॅटचे ३ किलोवॅट होत नाहीत.

विक्रीच्या मजकुरात दाबाऐवजी प्रवाहाचा आकडा ठळक छापलेला असतो, आणि नेमकी तेथेच दिशाभूल होते. मिनिटाला अमुक घनफूट हवा, हा आकडा पंख्यासमोर काहीही अडथळा नसताना, मोकळ्या हवेत मोजलेला असतो, आणि त्या स्थितीत पंख्याने निर्माण केलेला दाब शून्य असतो. टेबल फॅनसुद्धा मिनिटाला प्रचंड हवा हलवतो, पण त्याच्यासमोर हात धरून ती थोपवता येते. इंजिनाला हवा ओढायला पंख्याची गरज नाही, ते स्वतःच एक पंप आहे. इंजिन मागेल तेवढा प्रवाह देऊन वर दाबही टिकवणारे यंत्र येथे हवे असते. म्हणून खरेदीपूर्वी विक्रेत्याला एकच माहिती मागावी: सेकंदाला इतके लिटर हवा जात असताना किती दाब मिळतो, आणि त्या वेळी मोटर किती अँपिअर घेते. याचे उत्तर आलेखाच्या किंवा तक्त्याच्या रूपात मिळाले नाही, तर तेथेच थांबावे.

खरे विद्युत कॉम्प्रेसर कसे असतात

विजेवर चालणारा कॉम्प्रेसर ही अशक्य गोष्ट नाही, आणि हे न सांगणे वाचकांवर अन्याय ठरेल. ऑडीने २०१६ साली एसक्यू७ या गाडीच्या ४ लिटर व्ही८ डिझेल इंजिनात असा कॉम्प्रेसर बसवला. त्याची मोटर ७ किलोवॅटपर्यंत शक्ती घेते, पाव सेकंदाच्या आत वेग गाठते आणि मिनिटाला ७०,००० फेऱ्यांपर्यंत फिरते. तिला वीज पुरवण्यासाठी गाडीत १२ व्होल्टच्या जोडीला ४८ व्होल्टची स्वतंत्र यंत्रणा आणि लिथियम-आयन बॅटरी द्यावी लागली. मर्सिडीज-बेंझच्या २०१७ मध्ये आलेल्या ३ लिटर, सहा सिलिंडरच्या एम२५६ इंजिनातही ४८ व्होल्टचा असाच साहाय्यक कॉम्प्रेसर आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, एवढी सामग्री ओतूनही या दोन्ही ठिकाणी विद्युत कॉम्प्रेसरवर सतत दाब देण्याची जबाबदारी टाकलेली नाही. एक्झॉस्टवर चालणारा टर्बो पुरेसा वेग घेईपर्यंतची क्षणभराची पोकळी भरून काढणे हे त्याचे काम. पुढचे काम टर्बोच करतो, कारण त्याला एक्झॉस्टमधून वाया जाणारी ऊर्जा मिळते.

७०,००० हा आकडा केवळ मिरवण्यासाठी नाही. पंख्याने निर्माण होणारा दाब पात्याच्या टोकाच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ७० मिलिमीटर व्यासाचे चाक मिनिटाला २०,००० फेऱ्यांनी फिरले तर टोकाचा वेग सेकंदाला ७३ मीटर होतो, आणि ७०,००० फेऱ्यांना २५७ मीटर. वेग साडेतीन पट झाला की दाबाची क्षमता बारा पट होते. त्या वेगाला प्लास्टिकची पाती आणि साधी बेअरिंग टिकत नाहीत, म्हणूनच खऱ्या कॉम्प्रेसरचे चाक धातूचे, काटेकोर संतुलन केलेले असते.

टेबलावरची परीक्षा

पंखा आधीच विकत घेतला असेल, किंवा मित्राकडे असेल, तर तो गाडीत बसवण्यापूर्वी पुढील प्रयोग करावा. सगळ्या मोजमापांत मला हा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्याला गाडी लागत नाही, धोका जवळजवळ नाही आणि निकाल डोळ्यांनी दिसतो.

साधारण दीड-दोन मीटर लांबीची, बोटापेक्षा बारीक पारदर्शक प्लास्टिकची नळी घ्यावी आणि इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकारात एका उभ्या फळीवर पक्की करावी. नळीत अर्ध्या उंचीपर्यंत पाणी भरावे. रंगाचा एक थेंब टाकल्यास पातळी स्पष्ट दिसते. दोन्ही बाजूंची पातळी सारखी झाली की मागे मोजपट्टी लावावी. आता पंख्याचे हवा बाहेर टाकणारे तोंड जाड पुठ्ठ्याने किंवा झाकणाने पूर्ण बंद करून कडा चिकटपट्टीने हवाबंद कराव्यात, झाकणाला छोटे छिद्र पाडून नळीचे एक टोक त्यात घट्ट बसवावे आणि दुसरे टोक मोकळे ठेवावे. पूर्ण भारित १२ व्होल्टच्या बॅटरीला, मधे योग्य फ्यूज लावून, पंखा जोडावा. दहा सेकंदांत दोन्ही बाजूंच्या पातळ्यांमधला फरक सेंटिमीटरमध्ये वाचून घ्यावा आणि पंखा बंद करावा, कारण तोंड बंद असताना मोटरला थंडावा मिळत नाही. त्याच वेळी क्लॅम्प मीटरने प्रवाह आणि मल्टिमीटरने व्होल्टेजही नोंदवावे.

१ सेंटिमीटरचा फरक म्हणजे ९८ पास्कल. पाणी ३ सेंटिमीटर चढले तर पंख्याने सुमारे ३०० पास्कल दाब दिला, आणि तोही हवा अजिबात वाहत नसताना. या प्रकारच्या पंख्यांचा दाब सामान्यतः याच स्थितीत सर्वाधिक असतो. प्रवाह सुरू झाला की तो घटतो, म्हणून टेबलावर मिळालेला आकडा ही वरची मर्यादा समजावी. इंजिन चालू असताना गाडीचे व्होल्टेज १४ च्या आसपास जाते, त्यामुळे फार तर एक तृतीयांश वाढ हिशेबात धरावी. याच्या तुलनेत ०.३ बार दाबाला पाण्याचा सुमारे ३ मीटर उंच स्तंभ लागतो. खरा सुपरचार्जर या नळीला जोडला, तर पाणी नळीबाहेर उडून जाईल. दोन-चार सेंटिमीटरच्या पुढे पाणी गेले नाही, तर पुढच्या परीक्षा करण्याचे खरे तर कारणच उरत नाही.

गाडीवर मोजायचे असल्यास

गाडीवर हेच मोजमाप करताना एक दक्षता जिवापाड पाळावी: पाण्याची नळी कधीही थ्रॉटलच्या पलीकडे, म्हणजे इंटेक मॅनिफोल्डला (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांच्या संचाला) जोडू नये. इंजिन मंद फिरत असताना तेथे वातावरणापेक्षा ६०-७० किलोपास्कल कमी दाब असतो, आणि एवढी ओढ पाण्याचा सहा-सात मीटरचा स्तंभ सहज उचलते. पाणी सरळ सिलिंडरमध्ये जाऊन इंजिनाचे गंभीर नुकसान होऊ शकते. नळी पंखा आणि थ्रॉटल यांच्यामध्येच जोडावी, तिच्या प्रत्येक बाजूची लांबी किमान १ मीटर ठेवावी आणि इंजिनाकडच्या बाजूला मधे एक रिकामी बंद बाटली ठेवावी, म्हणजे पाणी ओढले गेलेच तर ते बाटलीत साचेल.

वाचन डायनोवर (गाडी जागेवरच रोलरवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा वाहतुकीसाठी बंद असलेल्या मार्गावर घ्यावे, चालवणारा आणि वाचणारा वेगवेगळा असावा. तीन स्थितींची नोंद हवी: कंपनीची मूळ नळी, पंखा बसवलेला पण बंद, आणि पंखा बसवून चालू. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना आणि इंजिनाचा वेग वरच्या टप्प्यात असताना इंजिनाकडची पातळी चढत असेल, तर त्या ठिकाणी दाब वातावरणापेक्षा कमी आहे, म्हणजे इंजिन हवा ओढत आहे आणि पंखा ती लोटत नाही. माझ्या मते दुसरी स्थिती सर्वांत बोलकी असते. बंद पंख्याची पाती नळीचा बराचसा मार्ग व्यापून बसतात, आणि चालू पंखासुद्धा इंजिनाच्या प्रवाहाच्या मागे पडला की त्या प्रवाहानेच ढकलला जाऊन फिरू लागतो. तेव्हा तो हवेला गती देत नाही, उलट तिचीच गती खातो.

ओबीडी यंत्र (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारे जोडयंत्र) वापरून मोबाइलवर मॅनिफोल्डचा दाब पाहण्याचा मोह होईल, पण प्रमाणित ओबीडी संकेतात हा दाब पूर्ण किलोपास्कलमध्येच येतो. ३००-४०० पास्कलचा फरक त्यात उमटतच नाही, आणि ९७ चे ९८ झालेले दिसले तरी त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. मात्र विक्रेता सांगतो तशी १० टक्के वाढ खरी असती, तर ती या ढोबळ यंत्रातही लख्ख दिसली असती. हवेचे वजन मोजणारा सेन्सर असलेल्या गाड्यांत त्याच्या वाचनावर अधिक सावधपणे विसंबावे, कारण सेन्सरच्या अलीकडे फिरणारा पंखा हवेला भोवरा देतो आणि वाचनच बिघडवतो.

वेळेची परीक्षा घ्यायची असल्यास तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० ते ८० किलोमीटर वेग गाठायला लागणारा वेळ दहा हर्ट्झच्या जीपीएस नोंदयंत्राने मोजावा. हाताच्या स्टॉपवॉचमध्ये बोटाच्या उशिरानेच दोन दशांश सेकंद इकडे-तिकडे होतात, आणि एक टक्क्याचा फरक त्याहून लहान असतो. दोन्ही दिशांना, एसी बंद ठेवून, टायरमधली हवा आणि इंजिनाचे तापमान सारखे असताना, पंखा चालू व बंद अशा आलटून-पालटून किमान पाच-पाच फेऱ्या घ्याव्यात. पंख्याचे बटण सोबत्याच्या हातात असावे आणि ते चालू आहे की नाही हे चालवणाऱ्याला कळू नये. ही अट महत्त्वाची आहे, कारण पंखा बसवल्यावर पिकअप वाढल्याचे सांगणारे लोक खोटे बोलत नसतात. नळी बदलल्याने हवा ओढण्याचा आवाज मोठा होतो, आणि मोठा आवाज कानाला ताकदीसारखा भासतो. बसवताना बॅटरी सुटलेली असल्यास ईसीयूची, म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाची, शिकलेली मूल्ये पुसली जाऊन काही दिवस गाडी निराळी वागते. आणि नव्या वस्तूची परीक्षा घेताना पायही नकळत अधिक दाबला जातो.

ॲव्हरेज वाढण्याचा दावा तर मुळातच विसंगत आहे. जास्त हवा आत गेली तर ऑक्सिजन सेन्सरच्या संदेशावरून ईसीयू त्या प्रमाणात इंधनही जास्त सोडतो. रोजच्या चालवण्यात थ्रॉटल अर्धवट बंदच असतो, म्हणजे हवा कमी पडत नसून आपणच ती अडवून धरलेली असते. त्या झडपेअलीकडे पंखा लावून काय साधणार? टर्बो असलेल्या गाडीत दाब किती ठेवायचा हे ईसीयू ठरवतो, त्यामुळे टर्बोपूर्वी लावलेल्या पंख्याचा किरकोळ लाभही तो नियंत्रणातून वजा करतो.

आधीच बसवला असेल तर

निरुपयोगी वस्तू निरुपद्रवी असतेच असे नाही. फिल्टरनंतर बसवलेल्या पंख्याचे एखादे प्लास्टिकचे पाते इंजिनाच्या उष्णतेने ठिसूळ होऊन तुटले, तर त्याला अडवणारे पुढे काहीच नसते. तुकडा थ्रॉटलच्या झडपेत अडकू शकतो किंवा व्हॉल्व्हपर्यंत जाऊ शकतो. फ्यूजशिवाय थेट बॅटरीला जोडलेली बारीक तार घासून उघडी पडली, तर आगीचे निमित्त होते. याउलट, कोणी खरोखर दाब देणारा संच बसवत असेल, तर त्याला इंजेक्टरची क्षमता, इग्निशनची वेळ, इंधनाचा ऑक्टेन आणि हवा थंड करणारा इंटरकूलर या सर्वांचा विचार करावा लागतो, नाहीतर नॉकिंगमुळे (सिलिंडरमधले मिश्रण अवेळी, स्फोटासारखे पेटल्यामुळे) पिस्टन फुटू शकतात. पंख्यासोबत यांपैकी कशाचीच गरज नाही असे सांगितले जाते, तेव्हा तो पंखा दाब देत नाही याची ती अप्रत्यक्ष कबुलीच असते.

काढताना आधी बॅटरीची ऋण तार सोडवावी, मग पंख्याची जोडणी फ्यूजसकट पूर्ण काढून घ्यावी. नुसती कापून टोके लोंबकळत ठेवू नयेत. पात्यांची संख्या मोजून सगळी शाबूत आहेत का ते पाहावे, आणि एखादे कमी भरले तर तो तुकडा सापडेपर्यंत इंजिन सुरू करू नये. मूळ नळी बसवल्यावर क्लॅम्प घट्ट करून इंजिन चालू ठेवावे आणि हवेचे वजन मोजणारा सेन्सर ते थ्रॉटल या टप्प्यात कोठे शिट्टीसारखा आवाज येतो का ते ऐकावे. तेथून न मोजलेली हवा आत शिरत असेल, तर इंजिन मंद फिरताना अडखळते आणि काही दिवसांत इंजिनाचा दिवा लागतो.